वस्तीतल्या बाईला ताण नसतो, हे कोणी ठरवले?

झोपडपट्टीत खरा ताण कमावत्या पुरुषाला असतो, बायका दिवसभर घरीच बसतात, नळावर भांडून मन मोकळे करतात आणि दाटीवाटीमुळे तिथे कोणी एकटे पडत नाही, असे सांगणारा एक संदेश सध्या मोबाइलवर फिरतो आहे. राजेंद्रनगरच्या वस्तीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला तो तिच्या नवऱ्यानेच मोठ्याने वाचून दाखवला, म्हणून हे उत्तर.

सर्वांत संतापजनक मुद्दा नळाचा. पाणी येण्याची वेळ ठरलेली, नळ एक आणि घागरींची रांग लांब. धार बारीक होऊ लागली की आवाज चढतात, कारण त्या शेवटच्या घागरीवर घरातला स्वयंपाक, म्हाताऱ्या सासऱ्यांची अंघोळ आणि धुण्याभांड्याच्या कामावर वेळेत पोहोचणे अवलंबून असते. उशीर झाला तर मालकीण बोलते, खाडा झाला तर पैसे कापले जातात. शिवाय जिच्याशी वाजले तिच्या आणि आपल्या घरात एकच पत्र्याची भिंत असते. रात्री सार्वजनिक शौचालयात जाण्याची धास्ती वाटते म्हणून संध्याकाळनंतर पाणीच न पिणाऱ्या बायकाही याच वस्त्यांत आहेत. याला मन मोकळे करणे म्हणायचे असेल, तर लिहिणाऱ्याने आठवडाभर त्या रांगेत उभे राहावे.

‘घरीच बसतात’ याला उत्तर केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आहे. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया तेव्हा त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवत होत्या, तर असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे. आणि मुळात ते करणारे पुरुष शंभरात सव्वीसच होते. हे आकडे देशभराचे आहेत. जिथे पाणीही बाहेरून भरावे लागते, तिथे हा भार हलका असेल असे मानायला काही आधार नाही.

पुरुषाला ताण असतो, एवढे मान्य करावेच लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2021 च्या अहवालात 1,64,033 आत्महत्यांपैकी 42,004 रोजंदारीवर जगणाऱ्यांच्या आहेत. फौंड्रीत ठेकेदाराच्या मर्जीवर हजेरी लागणाऱ्याची घुसमट खोटी नाही, आणि ती बोलून दाखवायची सवय नसल्याने अनेकदा दारूत बुडते, पण त्या दारूचा खर्च आणि मारही घरातच पोहोचतो. त्याच अहवालात आत्महत्या केलेल्या 45,026 स्त्रियांपैकी 23,178 गृहिणी आहेत, हा आकडा संदेश लिहिणाऱ्याने पाहिलेला दिसत नाही.

दाटीत एकटेपणा नसतो, या मुद्द्यावर फार लिहिण्याची गरज नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मन मोकळे करता येते, परंतु एका खोलीत सहा माणसे असताना बाईने तो फोन कुठे बसून करायचा?