मोजीसन काय व्हस? : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

भाऊ, तुम्ही रोखठोक लिहिलंत ते बरं केलंत. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. हतनूर धरणावरच्या जानेवारीतल्या पक्षीमोजणीवर आम्ही पक्षीमित्रांनी लिहिलेलं वाचून तुम्ही विचारलंत, "मोजीसन काय व्हस?", म्हणजे मोजून काय होतं? आकडे अंदाजपंचे असतात, कागद पुढे जातो आणि धरण आहे तिथेच राहतं. दुसरा आरोप असा की रानपिंगळा या दुर्मीळ छोट्या घुबडाची जागा आम्ही दडवतो आणि आपल्या ओळखीच्यांना दाखवतो. तिसरा, मार्चमध्ये लाकडी घरटी आणि मडकी वाटून फोटो काढतो. आणि शेवटी, तुमच्या गावच्या पाझर तलावावर "हजारांनी" करकोचे उतरले तेव्हा कोणी फिरकलं नाही.

मडक्यांचं आधी उरकतो, कारण तिथे तुमच्याशी फारसा वाद नाही. उभट मडक्यात चिमणी बुडते. पसरट मातीचं परळ हवं, पाणी दोन इंचांहून खोल नको, मधे एक खडबडीत दगड हवा आणि पाणी रोज घासून बदलायला हवं. नाहीतर आठवड्याभरात डासांच्या अळ्या होतात. ज्या घरात हे रोज करणारं माणूस नाही, तिथे परळ देऊच नये. पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची घरटी तर खानदेशात लावणं म्हणजे पिल्लांसाठी भट्टी पेटवणं आहे. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. जाड फळी किंवा प्लायवूड, ३२ मिलिमीटरचं भोक, जमिनीपासून दहा फूट, तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला, वळचणीच्या सावलीत, आणि भोकाखाली बसायची काडी लावायची नाही, कारण ती चिमणीपेक्षा घरटं लुटणाऱ्याच्याच कामाला येते. एवढं सांगून जे वाटलं जातं त्याला अर्थ आहे. बाकीचं वाटप फोटोपुरतंच.

आता मोजणी. तिचं उत्तर खानदेशातच, शहाद्याच्या जंगलात आहे, म्हणून जरा मागे जाऊ. रानपिंगळ्याचं शास्त्रीय वर्णन ह्यूम या पक्षीतज्ज्ञाने १८७३ साली केलं, ते दूर पूर्वेकडे ब्लूइट नावाच्या माणसाने मिळवलेल्या पक्ष्यावरून. पुढे जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात शहादा-तळोद्याकडे या पक्ष्याचे नमुने जमवले. १८८४ नंतर खात्रीची नोंद थांबली. मग माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज गृहस्थाने दावा केला की १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ त्याने हा पक्षी मारला. पुढे शोधणाऱ्यांनी तो दावा खरा धरला. पक्षीतज्ज्ञ पामेला रॅसमुसेन आणि सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा कळलं की तो नमुना डेव्हिडसनचाच होता. ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला, नव्याने भरलेला, वर खोटी चिठ्ठी लावलेला. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या ठिकाणांवर शोध घेतला गेला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पक्षी दिसला, ११३ वर्षांनी. डेव्हिडसनच्या चिठ्ठीवर गाव आणि तारीख होती, म्हणून माणसं खानदेशात आली. आम्ही हतनूरच्या काठावर लिहितो ती हीच चिठ्ठी.

ती अंदाजपंचे लिहिली तर मात्र तुमचा आक्षेप शंभर टक्के खरा, म्हणून पद्धत सांगतो. जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आशियाभर पाणपक्षी मोजले जातात, १९८७ पासून. हतनूर म्हणजे तापी-पूर्णेच्या संगमाचा फुगवटा, धरणामागे साचलेलं पाणी, चांगदेव-मेहूणकडे उथळ पसरलेला. तिथे एकट्याने कुठेही उभं राहून चालत नाही. जागा आधीच ठरलेल्या असतात आणि दर वर्षी त्याच असतात. सकाळी पूर्व काठ घ्यायचा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. पश्चिम काठावरून पाहिलं तर सगळी बदकं काळी दिसतात आणि तलवार बदक, गडवाल, थापट्या एकाच रकान्यात जातात. धुकं उतरल्यावर सुरुवात, साडेदहाच्या आत शेवट. ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते, मग स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण, तीसपटीच्या वर नेऊन काही उपयोग नाही. उभं राहायला उंचवटा हवा. सपाट काठावरून पुढचा पक्षी मागच्या दोघांना झाकतो.

स्कोपवर एक जण, वहीवर दुसरा. स्कोप डावीकडून उजवीकडे एकदाच फिरवायचा आणि एका फेरीत एकच जात मोजायची. छोटा थवा एकेक मोजतात. मोठ्यात आधी दहा पक्षी खरोखर मोजून ते नजरेत किती जागा घेतात ते धरायचं, आणि तेवढ्या मापाने थवा संपेपर्यंत पुढे सरकायचं. पाचशेच्या वर गेलं की माप शंभराचं करायचं, पण ते शंभरही आधी मोजलेलेच हवेत. चूक नेमकी इथे होते. नवखा माणूस माप थव्याच्या कडेवरून घेतो, जिथे पक्षी विरळ असतात. मधे दाटी असते, त्यामुळे आकडा कमी येतो. मोठ्या थव्यांबाबत माणसाची नजर बहुधा कमीच मोजते. लालसरी बदक आणि वारकरी नावाचा काळा पाणपक्षी बुडी मारतात, म्हणजे कुठल्याही क्षणी काही पाण्याखाली असणारच. तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा धरायचा. भुवई बदकाची मादी आणि चक्रांगाची मादी दुरून ओळखू येत नसेल तर "छोटं बदक, अनिश्चित" असं लिहायचं. नाव ठोकून द्यायचं नाही. अनिश्चितचा रकाना भरलेला असणं हे कच्च्या मोजणीचं लक्षण मुळीच नाही, उलट तो रिकामा दिसला की मला शंका येते.

मधेच दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून गेला किंवा होडी सुटली की सगळा थवा उठतो. तेव्हा मोजणी थांबवायची, वेळ आणि थवा गेला ती दिशा लिहायची आणि पलीकडच्या काठावरच्या जोडीला फोन करायचा. नाहीतर तीच बदकं दोनदा वहीत येतात.

आणि पाण्याची पातळी. हे न लिहिलेला आकडा फसवतो. तलवार बदक, थापट्या, गडवाल ही डोकं बुडवून खाणारी बदकं, त्यांची मान पोचते तेवढ्याच खोलीवर त्यांचं पोट भरतं. जानेवारीत फुगवटा तुडुंब असेल तर ती दुसरीकडे जातात, आणि वर्तमानपत्रात बातमी येते की हतनूरचे पक्षी घटले. ज्या गाळाने धरणाची साठवण खाल्ली, त्याच गाळाने उथळ पाणी आणि चिखल दिला, ज्यावर तुतारी-टिलव्यांसारखे काठचे पक्षी चरतात. म्हणून गाळ काढा किंवा काढू नका असं आम्ही सरसकट कधी म्हणत नाही. गाळपेऱ्याच्या शेतकऱ्यांना दोष देणंही आम्हाला मान्य नाही. पाणी उतरलं की ती जमीन कसली जाणारच, मोजणाऱ्याने ती किती पुढे आली एवढं नोंदवावं.

मग याने होतं काय? एखाद्या पाणथळीवर नियमितपणे २०,००० पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या त्या प्रवासमार्गावरच्या एकूण संख्येच्या एक टक्का तिथे असतील, तर पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीच्या निकषांत ती जागा बसते. "नियमितपणे" सिद्ध करायला एका वर्षाचा भारी आकडा पुरत नाही. सलग वर्षांची, एकाच पद्धतीची मोजणी लागते. नाशिक जिल्ह्यातलं नांदूरमध्यमेश्वर २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. कागद पुढे जाऊन काय होतं, याचं उत्तर गोदावरीच्या काठी आहे.

रानपिंगळ्याच्या जागेबद्दल मात्र मी हटून बसणार. यावल अभयारण्यात, तोरणमाळ-तळोद्याकडे तो आहे, हे उघड आहे. ढोली कुठल्या झाडाला आहे, ते सांगणार नाही. तुम्हाला नाही आणि ओळखीच्यालाही नाही. पूर्ण ठिकाण वनविभागाकडे जातं. वीण ऑक्टोबर ते मे, म्हणजे नेमका आपल्याकडे फिरायचा हंगाम. हा पक्षी दिवसा वावरतो आणि हद्दीला जपतो. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवला की नर भांडायला पुढे येतो. मादी अंड्यांवर असते आणि तिला खाऊ आणून देणं नराकडे असतं, ते तेवढा वेळ थांबतं. तो परत जातो ती दिशा धरून लोक ढोलीपर्यंत पोचतात, फोटो टाकतात, त्या फोटोतलं झाड ओळखून पुढचे येतात. पुन्हा ढोलीची झाडं मुळात थोडी, वाळकी आणि वाकडी, सरपणासाठी आधी तीच तुटतात.

शिवाय "रानपिंगळा" म्हणून फिरणारे बरेच फोटो साध्या पिंगळ्याचे असतात. पिंगळ्याच्या डोक्यावर-पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पायांवर दाट पांढरी पिसं आणि पंजे दणकट. बसल्या जागी तो शेपटी झटक्याने आडवी हलवतो. एवढं पाहून घ्या, मग फोटो पाठवा.

राहिले तुमचे करकोचे. "हजारांनी" या शब्दावर नोंद करता येत नाही, पण तुम्ही तिथेच राहता, म्हणजे ही मोजणी आमच्यापेक्षा तुम्हीच चांगली कराल. करकोचे रात्री उथळ पाण्यात उभे राहतात आणि उजाडताना रांगा करून शेतांकडे जातात. उजाडण्याआधी अर्धा तास तलावापासून दोनशे पावलांवर बांधाआड बसा आणि उडणाऱ्या रांगा एकेक करून मोजा. पाण्यात उभे असताना मोजू नका, पाय आणि माना एकमेकांत मिसळतात. दुपारी पाणी प्यायला काही परत येतात, ते त्याच दिवसाच्या बेरजेत धरू नका. छातीवर लोंबणारी काळी पिसं आणि डोळ्यामागे पांढरा तुरा असेल तर कांड्या करकोचा. माथ्यावर लाल ठिगळ असेल तर साधा करकोचा. दोन्ही एकत्रही दिसतात, तेव्हा आकडे वेगळे ठेवा. तारीख, उडायला सुरुवात झाली ती वेळ, दिशा, तलावात पाणी भिंतीच्या कुठल्या खुणेपर्यंत आहे आणि आजूबाजूला हरभरा आहे की गहू, हे लिहा. एकही दिसला नाही त्या सकाळी शून्य लिहा, पान कोरं सोडू नका. आठवड्यातून एक सकाळ, ते जाईपर्यंत. वहीचे फोटो इथेच प्रतिक्रियेत टाकले तरी चालतील.