आठवा हिस्सा आणि माफ केलेला मेहेर

कालपासून एका ग्रुपवर भांडण जुंपलंय, मुसलमान नवऱ्याच्या चार बायका आणि त्याची इस्टेट. बऱ्याच जणांना वाटतं की दुसरी आली म्हणजे पहिलीच्या पोरांचा वाटा सवत खाते. ती खाते तो पहिल्या बायकोचा वाटा.

हिशेब कुराणातल्या सूरह निसामध्येच ठरलेला आहे. नवरा गेला आणि मूलबाळ असेल तर बायकोला आठवा हिस्सा, नसेल तर चौथा. बायका दोन असोत नाहीतर चार, आठवा एकच, तोच सारखा वाटून घ्यायचा. समजा सगळी देणी भागवून 24 लाख उरले. बायकांचे मिळून 3 लाख. दोघी असल्या तर दीड-दीड लाख, चौघी असल्या तर 75-75 हजार. मयताचे आईवडील हयात नसतील तर उरलेले 21 लाख मुलामुलींचे, मुलाला दोन वाटे, मुलीला एक, आई कोणती ते बघायचं नाही. म्हणजे चाळीस वर्षं संसार ओढलेलीला आणि परवा निकाह होऊन आलेलीला एकाच मापानं. मुसलमान असूनही मला हे टोचतं, लपवत नाही. हौस नवऱ्याची, कात्री पहिलीच्या हिश्शाला.

आता कुणीतरी म्हणणारच, हिंदूंमध्ये तर दुसरीला काहीच नाही. खरंय, 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं पहिली असताना केलेलं लग्नच रद्दबातल. पण त्यानं आमच्या पहिलीचं काय भलं झालं?

मला बोलायचंय ते मेहेरबद्दल. मेहेर म्हणजे निकाहच्या वेळी नवऱ्यानं बायकोला कबूल केलेली रक्कम. तो वारसा नव्हे, दिला नसेल तर ते नवऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज. कफन-दफनाचा खर्च झाला की आधी कर्जं, मग वसीयत म्हणजे मृत्युपत्र, तेही एक तृतीयांशापर्यंतच, आणि त्यानंतर हे आठवे-चौथे हिस्से. शिवाय जिचा मेहेर तिचाच, त्यात सवतीचा वाटा नाही. आठव्याचे कितीही तुकडे पडोत, हा पैसा शाबूत.

आणि नेमका तोच आपण घालवतो! मय्यत घरात, बाई रडून रडून अर्धी झालेली, आणि कुणीतरी चाची कानाशी लागते, "मेहेर माफ केला म्हण गं, त्याच्या रूहवर ओझं नको." ती मान हलवते. झालं काम. अशा अवस्थेत घेतलेली माफी कलकत्ता हायकोर्टानं शंभर वर्षांपूर्वीच मानली नव्हती, पण कोर्टापर्यंत जातंय कोण? चाळिसावा व्हायच्या आत दीर हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन हजर.

रकमेचीही गंमतच. 1985 च्या निकाहनाम्यात 5 हजार लिहिले असतील तर आजही 5 हजारच. दोन तोळे सोनं लिहिलं असतं तर आज लाखांत गेलं असतं.

आपल्या शेजारच्या गोव्यात 1937 चा शरियत कायदा, ज्यानं आमचे हे वारसाहिस्से ठरतात, तो लागूच नाही. तिथल्या मुसलमान बाईला, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, संसारातली निम्मी मालमत्ता स्वतःची म्हणूनच मिळते. वारसा वाटायचा तो नवऱ्याच्या निम्म्यातून. आमच्याकडे ती सोय होईल तेव्हा होईल, निकाहनामा मात्र आजही आपल्याच हातात आहे.

माझ्या भाचीच्या निकाहची बोलणी चाललीत. मेहेर सोन्याच्या तोळ्यांतच लिहायचा म्हणून मी अडून बसलेय. भाऊ म्हणतो, समोरचे लोक काय म्हणतील? म्हणू देत.