पार्क केलेल्या डोमेनवरच्या जाहिराती बंद झाल्या, हे योग्यच झालं

गुगलने आधी पार्क केलेल्या डोमेनवरच्या, म्हणजे नाव घेऊन ठेवलंय पण वेबसाइट नाही अशा पत्त्यांवरच्या, सर्च जाहिरातींचं डीफॉल्ट बदललं आणि फेब्रुवारी २०२६ पासून त्या पूर्णच बंद केल्या. डोमेन बाळगून असलेली मंडळी चिडली आहेत. मी लहान व्यावसायिकांच्या जाहिराती सांभाळतो आणि माझं स्पष्ट मत आहे, हे कितीतरी आधी व्हायला हवं होतं.

ही पानं तुम्हीही पाहिली असतील. पत्ता टाइप करताना एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं की पांढरं पान उघडायचं. मजकूर काहीच नाही, नुसते ‘होम लोन’, ‘कार इन्शुरन्स’ असे चार-पाच दुवे. एकावर बोट ठेवलं की पुढच्या पानावर जाहिराती. तिथे क्लिक झाला की जाहिरातदाराचे पैसे कापले जायचे आणि ते गुगल, अशा पानांवर जाहिराती लावणारी पार्किंग कंपनी व डोमेनचा मालक यांच्यात वाटले जायचे. ज्याचे पैसे गेले त्याला रिपोर्टमध्ये काय दिसायचं? ‘सर्च पार्टनर्स’ (गुगलच्या जाहिराती दाखवणाऱ्या इतर साइट्स) अशी एक ओळ. कुठल्या पानावर क्लिक झाला, याचा पत्ता नाही.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती मार्च २०२५ ची गोष्ट. तेव्हा बंदी नव्हतीच. जुन्या खात्यांमध्येही ही जागा आपोआप बंद राहील, ज्याला हवी त्याने सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी, एवढंच ठरलं. तेवढ्यावर या धंद्याचं कंबरडं मोडलं. लंडनच्या शेअर बाजारातल्या टीम इंटरनेट ग्रुप या पार्किंगच्या धंद्यातल्या कंपनीचा भाव ही बातमी येताच कोसळला. म्हणजे जाहिरातदारांना ही जागा कधी हवीच नव्हती. ती आधीपासून टिक केलेली होती म्हणून पैसे जात होते.

डोमेनवाल्यांचं गणित मला कळतं. डॉट कॉमचा घाऊक दरच २०२५ मध्ये वर्षाला १०.२६ डॉलर होता. हजारो नावं घेऊन बसलेल्याला प्रत्येक नावाने रिन्यूअलपुरते पैसे काढले तरी चालायचं. आता ते निघणार नाहीत आणि बरीच नावं सुटतील. सुटू देत. ज्याला खरंच दुकान, शाळा, संस्था उभी करायची आहे त्याला ती मिळतील. २००८-०९ मध्येही असंच झालं होतं. नाव घ्यायचं, पाच दिवस जाहिराती लावून बघायच्या आणि पैसे न भरता परत करायचं, असा प्रकार तेव्हा जोरात होता. गुगलने अशा नावांवरच्या जाहिराती थांबवल्या, डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेने मर्यादेपलीकडच्या परतीवर शुल्क लावलं आणि तो प्रकार जवळजवळ संपला.

राग आहे तो गुगलवरही. इतकी वर्षं ती टिक कोणी लावून ठेवली होती? वाटाही घेतलाच ना! आणि पार्किंगवाले आता वळलेत ‘रिलेटेड सर्च ऑन कंटेंट’कडे: वर घाईघाईत लिहिलेला लेख, खाली तेच दुवे. तुमची जाहिरात चालू असेल तर आज खातं उघडून ‘सर्च पार्टनर्स’ची टिक बघा. त्या ओळीतून खरोखर फोन येत नसतील, तर काढून टाका.