आधी रिफ्रेश मारा, मग बोला

कॉम्प्युटर अडला की एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा राजेहो. पडद्यावर काय लिहून आलं आहे ते वाचायचं नाही. खोका आला, त्यात बटन आहे, ते दाबून टाकायचं. दोन बटनं असली तर हाताला जवळ पडेल ते. मग अंगणात यायचं आणि रस्त्याने जाणाऱ्या पहिल्या माणसाला सांगायचं, "कॉम्प्युटर बिघडला जी." पुढचं गाव पाहून घेतं.

घरात माणूस आजारी पडला तर भेटायला येणारा निदान "काय झालं?" एवढं तरी विचारतो. कॉम्प्युटरच्या दुखण्याला येणारा दारात चप्पल काढता काढताच विचारतो, "रिफ्रेश मारला काय?"

तेव्हा रिफ्रेश मारून ठेवलेला बरा. माउसचं उजवं बटन, रिफ्रेश. पुन्हा उजवं बटन, रिफ्रेश. पाच वेळा चालतं, अकरा वेळा मारणारे भाविकही आमच्याकडे आहेत. त्याने होतं काय, तर विंडोज डेस्कटॉपवरची चित्रं पुसून पुन्हा मांडून दाखवतं. मेमरी रिकामी होत नाही, वेग वाढत नाही, व्हायरस तर ढिम्म हलत नाही. पण भजनी मंडळाचा पेटीवालाही अभंग धरायच्या आधी उगाच दोन सूर दाबून पाहतोच की. त्याने पेटी सुरात येते थोडीच? कुणी जाणता म्हणालाच, की रिफ्रेशने काही होत नसतं, तर त्याला एमएससीआयटीत किती मार्क पडले होते ते विचारा. गप बसतो.

रीस्टार्ट करायचा सल्ला शक्यतो देऊ नका. त्याने खरंच फरक पडतो, आणि मग चहा होईपर्यंत बसायला निमित्त उरत नाही. त्याऐवजी "शटडाउन करून पाय" म्हणा. ऐकायला दोन्ही सारखंच, पण विंडोज ८ पासून शटडाउनमध्ये एक गंमत आहे. फास्ट स्टार्टअप चालू असलं की विंडोज आपला गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवतं आणि सकाळी तोच उचलतं. म्हणजे रात्रीचा घोळ सकाळी शिळ्या भाकरीसारखा पुन्हा ताटात. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने चढतं, म्हणूनच ते टाळायचं.

टेंप फोल्डरमधल्या तात्पुरत्या फायली उडवा, प्रीफेच फोल्डरमधल्याही उडवा. प्रीफेच विंडोजने प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून स्वतःच्या सोयीसाठीच लिहिलेलं असतं आणि ते उडवलं की पुढच्या खेपेला प्रोग्रॅम जरा हळूच उघडतात, पण फोल्डर रिकामं झाल्याचं समाधान वेगळंच. दोन अँटीव्हायरस टाका. ते एकमेकांवरच गुरगुरत बसले की बाहेरच्या चोराला आत यायला भीती वाटते, असं आमच्या गावात मानतात.

आता खोडरबराबद्दल. कॉम्प्युटरचा डबा चालू केला, पडदा काळा आणि आतून लांब लांब शिट्ट्या येत असल्या, तर रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवायचं, पुन्हा खटकन बसवायची. या उपायाने डबा चालू होतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण सबंध गावठी औषधोपचारात हे एकच औषध लागू पडणारं निघालं आणि त्याच्या जिवावर बाकीचे चाळीस उपाय मिरवतात. त्यामुळे आता स्पीकरचा आवाज येत नसला तरी लोक रॅमच काढतात. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी रॅमच. आमच्या रॅमचे दात एवढे घासून झाले आहेत, की तिला आता कवळीच लागेल.

डबा उघडलाच आहे तर आत पाहून घ्या. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात भाव चढेल या आशेने कापूस घरात भरून ठेवतात, आणि ज्या खोलीला खिडकी कमी तीच खोली कापसाला आणि तीच कॉम्प्युटरला. मी पहिल्यांदा डब्याची बाजू काढली तेव्हा प्रोसेसरवरचा पंखा दिसलाच नाही. तिथे राखाडी रंगाची एक गादी होती. बोटाने ओढली तर अख्खी निघून आली, पंख्याचा गोल आकार धरून, आणि मधोमध पंख्याच्या मधल्या चकतीची खूण. खालच्या धातूच्या पात्यांमध्ये धागा असा वळून बसला होता, की आईने दोन वाती सरळ करून देवघरात नेल्या. वारा लागेना म्हणून प्रोसेसर तापत होता. शंभर अंशांच्या आसपास गेला की तो आपणहून वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर बंद पडतो. गावाचं निदान तोवर "व्हायरस" होतं.

तर सल्ला असा, की कापूस आहे तिथेच राहू द्या. साफसफाईला ब्रश वगैरे न घेता डबा खांद्यावर टाकून टायरवाल्याकडे न्या आणि कॉम्प्रेसरची हवा मारून घ्या. त्या हवेत थोडं पाणीही असतं, म्हणजे धुऊनही निघतो. पंखा बोटाने धरून ठेवू नका, त्याला मनसोक्त फिरू द्या. घरघर वाजायला लागला की समजायचं, साफ झाला.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की डबा कूलरच्या तोंडाशी ठेवा. माणसाला गार वाटतं तर त्याला वाटणार नाही का? वाळ्याच्या ताटीतून आलेली दमट हवा आत जाऊन सर्किटांवर बसते, धूळ तिच्यावर बसते, आणि जूनपर्यंत चांगला लिंपण केल्यासारखा थर जमतो. लिंपणावरून आठवलं. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क २ या यंत्रात एक पतंग किडा सापडला, तर त्या लोकांनी तो वहीत चिकटवला, खाली नोंद केली, आणि ती वही आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. आमच्या डब्याच्या यूएसबीच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं अख्खं घर बांधलं, आत अळ्यासुद्धा भरून ठेवल्या. आमची नोंद कुणी घेतली?

डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? चप्पल घाला. अर्थिंगसाठी खड्डा खणा, प्लेट पुरा, मीठ-कोळसा भरा, उन्हाळ्यात त्यात पाणी ओता, एवढा उपद्व्याप कुणी सांगितला? माझ्या टेबलाखाली पाहुण्यांसाठी रबरी चपलांचा एक जोड कायम असतो. आणि विजेचा भरवसा नाही, म्हणून काम झालं की बोर्डावरूनच बटन बंद करायचं. हा सल्ला मला अकरा जणांनी दिला आणि मी तो सहा वर्षं इमानदारीने पाळला. पुढे त्याचं काय झालं ते सांगतोच.

त्याआधी फॉरमॅट. सगळे उपाय थकले, की मेव्हणा येतो. प्रत्येक घराला एक फॉरमॅटवाला मेव्हणा असतो. तो खुर्चीत बसतो, पेनड्राइव्ह खोचतो, "डी मध्ये काही आहे काय?" असं विचारतो आणि उत्तर यायच्या आत सगळे कप्पे एक करून टाकतो. लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, पोरीचा जातीचा दाखला, सगळ्यांना एका दमात मोक्ष. वर तुम्हाला विंडोज ७ टाकून देतो, कारण "सेव्हनसारखी हलकी कोणतीच नाई." मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला तिच्यावर पाणी सोडलं, १४ ऑक्टोबर २०२५ ला १० चाही पाठिंबा संपवला. पण म्हातारा बैल विकायचा नाही, ही आपली रीतच आहे. तेव्हा बॅकअप घेऊ नका. मेव्हण्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं.

आता ती रात्र. पीकविम्याची मुदत संपायला एक दिवस उरलेला, आणि विम्याचं पोर्टल उघडेना. बँकेचं उघडेना. काहीच उघडेना. नियमाप्रमाणे मी खोका बंद केला आणि अंगणात आलो. अर्ध्या तासात खोलीत नऊ माणसं. पहिला म्हणाला, "सर्व्हर डाउन असंन." दुसऱ्याने राउटर तीनदा काढून लावला. तिसरा आपल्या मोबाइलचं नेट देतो म्हणून स्लॅबवर चढला आणि वरून ओरडू लागला, "आलं काय?" पुतण्याने रिफ्रेशचा सपाटा लावला. रॅम निघाली, घासली, बसली. मेव्हण्याला फोन गेला. तो म्हणाला, "कशाले हात लावू नका, मी पेनड्राइव्ह घेऊन निघालोच."

आई कोपऱ्यात शेंगा फोडत बसली होती. ती उतारवयात साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकली, आणि तेव्हापासून समोर येईल ते मोठ्याने वाचते. साखरेची पिशवी, एसटीची पाटी, कीटकनाशकाच्या डब्यावरचं बारीक सुद्धा. पोरीने ब्राउझर मराठीत करून ठेवलेला. आई उठली, पडद्याजवळ गेली आणि अक्षराला अक्षर लावत म्हणाली, "तुमचे घड्याळ मागे आहे."

खोली गप्प झाली. सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"मागं कुठं?" काकाजी म्हणाले. "मोबाइलशी बरोबर तर आहे." पण कॉम्प्युटर म्हणतो म्हटल्यावर ते स्टुलावर चढले, घड्याळ उतरवलं, काटा दहा मिनिटं पुढे केला आणि पुतण्याला म्हणाले, "आता मार रिफ्रेश."

तेव्हा कुठे मी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पाहिलं. १ जानेवारी २०१२. मदरबोर्डवर रुपयाएवढा सपाट सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. डब्याची वीज पूर्ण तुटली की घड्याळ त्या एकट्याच्या जिवावर चालतं. भिंतीवरच्या बोर्डावरून बटन बंद ठेवून ठेवून सहा वर्षांत मी त्याला संपवला होता. वेबसाइट खरी असल्याच्या प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. २०१२ सालच्या तलाठ्यासमोर यंदाचा फेरफार ठेवला तर तो काय म्हणेल? तेच ब्राउझर म्हणत होता, मराठीत, संध्याकाळपासून.

मी कुणाला काही न बोलता तारीख दुरुस्त केली. पोर्टल उघडलं. तेवढ्यात स्लॅबवरून आवाज आला, "आता आलं काय?" आणि खालून पुतण्या ओरडला, "आलं, आलं! तिथंच उभा राय!" नऊच्या नऊ अर्ज भरून होईपर्यंत तो माणूस पावसात मोबाइल धरून वर उभा होता.

सेल दुसऱ्या दिवशी दारव्ह्याच्या घड्याळवाल्याकडे मिळाला, चहापाण्याच्या पैशात. काकाजींना मी दोनदा समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. भिंतीवरचं घड्याळ मात्र अजून दहा मिनिटं पुढेच आहे. मी मागे करायला स्टूल घेतलं तर आईच ओरडली, "राहू दे, चालून रायलं ना ते?"