‘नुसतं पाहायचे सहाशे रुपये घेतले’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मागचा डावा लाइट मधूनच बंद पडतो आणि मीटरवर बल्बचा पिवळा दिवा लागतो म्हणून गाडी आणली, आम्ही ती सकाळपासून दुपारपर्यंत अडकवून ठेवली, बल्ब बदललाच नाही आणि चेकिंगचे ६०० रुपये घेतले. चार दिवसांनी रात्री समृद्धीवर तोच दिवा पुन्हा लागला. शेवटी शिर्डीत एकाने शंभर रुपयांत बल्ब बदलला आणि गाडी ठीक झाली. म्हणजे आम्ही एक तर अडाणी, नाही तर लुटारू.

रागावलो नाही. पण हा रिव्ह्यू वाचून उद्या कोणी असाच दिवा लागला म्हणून बल्बमागून बल्ब बदलत बसेल, म्हणून जरा सविस्तर लिहून राहिलो.

गाडीतलं कंट्रोल युनिट बल्बकडे पाहत नाही, ते करंट मोजतं. टेल लाइटचा ५ वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर साधारण ०.४ अँपिअर ओढतो, ब्रेकचा किंवा रिव्हर्सचा २१ वॉटचा बल्ब पावणेदोनच्या आसपास. करंट ठरलेल्यापेक्षा कमी दिसला की मीटरवर दिवा. बल्ब उडाला तरी तोच दिवा, होल्डरला कार्बन चढला तरी तोच, अर्थिंग सैल झालं तरी तोच. ‘बल्ब गेला’ असं गाडी छातीठोकपणे सांगत असली तरी तिला एवढंच कळलेलं असतं की तिथे करंट पोचून नाही राहिला.

आता तुमची गाडी. डावा बल्ब काढून पाहिला, फिलामेंट शाबूत. तरी आमच्याकडचा नवा बल्ब लावला, तोही विझला. होल्डरच्या पट्ट्या स्वच्छ होत्या. मग मुलाला मागे उभं करून रिव्हर्स टाकला, तर टेल लाइट मंद झाला आणि सोबत नंबर प्लेटचा दिवाही. खरं तर तिथेच अर्धं काम झालं होतं. दोन वेगळे बल्ब एकाच क्षणी मंद होत असतील तर बल्बला दोष देऊन उपयोग नाही, त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधायचं. तुमच्या गाडीत डिक्कीच्या झाकणावरचे हे दिवे एकाच तपकिरी वायरने अर्थ होतात. रिव्हर्सचा जड बल्ब लागला की त्या वायरवर लोड येतो आणि बाकीचे दिवे उपाशी राहतात.

तुम्ही लिहिलंय की आमच्या मुलाने मल्टिमीटर लावलं आणि वायर ‘ओके’ दाखवली, तरी आम्ही सोडलं नाही. बरोबर आहे, सोडलं नाही. मल्टिमीटर कंटिन्यूटी, म्हणजे वायर अखंड आहे का, हे तपासताना वायरमधून नावापुरता करंट सोडतं. वायरच्या आतल्या पंधरा-वीस तारांपैकी एक जरी शाबूत असली तरी मीटर बीप देतं. पण त्या एका तारेवर दिवे चालत नाहीत. म्हणून लाइट चालू ठेवून, एक प्रोब होल्डरच्या अर्थवर आणि दुसरा बॉडीच्या स्वच्छ पत्र्यावर धरून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे त्या वाटेत किती व्होल्ट गळतात, ते पाहावं लागतं. तो ०.१, फार तर ०.२ व्होल्ट यायला हवा. तुमच्याकडे डिक्की पूर्ण उघडी असताना तेवढाच येत होता, म्हणजे सगळं छान. झाकण हळूहळू खाली आणलं की एका ठरावीक कोनात आकडा दीड व्होल्टच्या वर उडी मारायचा, दोन बोटं अजून खाली नेलं की पुन्हा ठीक.

तो कोन सापडायला वेळ गेला. बिजागरीपाशी रबरी नळीतून वायरिंग झाकणात जातं, ती नळी मागे सरकवून तुम्हाला दाखवली होती. वरचं प्लास्टिक साबूत, आत तारा तुटलेल्या. बोटाने वाकवली की वायर तिथेच पिचकायची. डिक्की उघडताना-लावताना वायर रोज त्याच जागी वाकते. त्यात आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन. दिवसभर उघड्यावर उभ्या गाडीतलं रबर आणि इन्सुलेशन कडक होणार नाही तर काय. पुढे सिमेंट रोडच्या जोडांवरचे दणके आहेतच.

रस्त्यावर लागणारा दिवा दुकानात येईस्तोवर विझतो, आणि बल्ब बदलला की काही दिवस गाडी ‘ठीक’ चालते, त्याचं कारणही हेच. बल्ब बदलायला डिक्की उघडावी लागते, हात आत जातो, वायर हलते, तुटलेली टोकं पुन्हा टेकतात. श्रेय बल्बला जातं.

मग शिर्डीत मीटरवरचा दिवा कसा गेला? तुम्ही रिव्ह्यूसोबत मीटरचा फोटो टाकलाय, तो मोठा करून पाहा. त्यात संदेश उजव्या मागच्या लाइटचा आहे. आमच्याकडे गाडी आली तेव्हा उजवीकडे बाहेरून घेतलेली एलईडी लावलेली होती. एलईडी करंट इतका कमी घेते की युनिटला वाटतं बल्बच नाही. आम्ही ती काढून साधा बल्ब लावला आणि एलईडी पुडीत बांधून परत दिली. ती पुन्हा लावली गेली असणार, दुसरं कारण मला तरी दिसत नाही. शिर्डीच्या भावाने तिथे साधा बल्ब घातला आणि दिवा गेला. त्याने काम चोख केलं, पैसेही वाजवी घेतले. पण ते उजवीकडचं दुखणं होतं. (एलईडीसोबत जास्तीचा करंट ओढणारा रेझिस्टर लावून दिवा घालवता येतो, आम्ही ते करत नाही. तो चांगलाच तापतो, आणि शेजारी लाइटचं प्लास्टिक असतं.)

डावीकडचं काम झालेलंच नाही. त्याचे १,८०० रुपये सांगितले होते: बिजागरीजवळचा तुकडा कापून त्याच जाडीची लवचीक वायर टाकायची, जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर घ्यायचे, एकाखाली एक न ठेवता मागेपुढे, आणि वर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी. नुसती टेप मारून देत नाही, जोड वाकणाऱ्या जागी आला तर तिथेच पुन्हा तुटतो. तुम्ही म्हणालात, शिर्डीहून आल्यावर करू. आम्ही बिलावर ‘डिक्की लूम (म्हणजे वायरिंग) काम बाकी’ असं लिहून दिलं, तुमची सही आहे.

६०० रुपये शोधण्याचे होते, काम सुरू करायच्या आधी सांगून घेतलेले. पाहणं फुकट आणि बल्ब महाग असा हिशेब आमच्याकडे नाही, कारण मग प्रत्येक गाडीला बल्बच लागून राहील.

काम करायला आणाल तर ६०० रुपये १,८०० मधून वजा होतील, ते बिलावरही आहे. तोवर रात्री हायवेला निघण्याआधी लाइट लावा, रिव्हर्स टाका आणि घरच्या कोणाला तरी मागे उभं करून डावा लाइट मंद होतो का ते पाहायला सांगा. होत असेल तर नंतरवर ढकलू नका, मागच्या ट्रकवाल्याला तुमची गाडी दिसली पाहिजे. येताना दुपारी बारापर्यंत या आणि डिक्की रिकामी करून आणा. मागच्या वेळी आधी गव्हाचे कट्टे उतरवावे लागले होते.