जोतिबाचा डोंगर ज्वालामुखी नाही ओ

पावसाळा सुरू झाला की एक मेसेज परत फिरायला लागतो. कोल्हापूरजवळचे जोतिबा आणि पन्हाळा हे झोपलेले ज्वालामुखी आहेत, काळा दगड म्हणजे लाव्हा, पन्हाळ्याचा तांबडा दगड म्हणजे लाव्ह्यानं भाजलेली माती, कोयनेचा भूकंप आणि राजापूरचं गरम पाणी म्हणजे तो जागा होतोय, आता रस्तापण खचला, सावध राहा. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. यातलं काळ्या दगडाचं तेवढं खरं आहे आणि त्या एका खऱ्याच्या जिवावर बाकीचं सगळं खपतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. अंबाबाईचं देऊळ त्याचंच. तो लाव्हा आला साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, पण जोतिबाच्या शेंड्यातनं नव्हे, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातनं पातळ लाव्हा वाहत जाऊन थरावर थर बसत गेले, इतके की झिजून झिजून आज जे उरलंय तेच जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर भरतं. असल्या पातळ लाव्ह्याचं टेकाड होत नाही, तो पसरतो आणि सपाटी होते.

मग जोतिबा शंकूसारखा का दिसतो? आजूबाजूचं सगळं पाण्यानं खाल्लं म्हणून. एका अंगाला वारणा, दुसऱ्या अंगाला कासारी आणि पंचगंगा, मधे ही रांग तेवढी उरली. पाऊस उघडल्यावर स्वच्छ दिवशी लांबनं बघा, जोतिबा आणि पन्हाळा दोन्हींचे माथे जवळपास एकाच उंचीला, ३१०० फुटांच्या आसपास, आणि पलीकडं मसाई पठार टेबलासारखं सपाट. वेगवेगळे ज्वालामुखी एवढे मापात वाढतील व्हय? बोडक्या उतारावर आडवे पट्टे पायऱ्यांसारखे दिसतात, ते एकेका लाव्ह्याचे थर. टणक थराचा कडा राहतो, मऊ थराचा उतार होतो.

आता तांबडा दगड, म्हणजे जांभा. मेसेजमधला सगळ्यात फसवा मुद्दा हाच, कारण जांभा खरंच भाजल्यासारखा दिसतो, विटेचा रंग, अंगभर भोकं. पण जरा डोकं चालवा, पन्हाळ्यावर जांभा आहे सगळ्यात वर, त्याच्यावर काळ्या दगडाचा थरच नाही, मग त्याला भाजला कुणी? एक तुकडा हातात घेऊन बघा, भोकांत पिवळट-पांढरी माती भरलेली असते आणि बोटांना गंजासारखा रंग लागतो. तो गंजच आहे. काळ्याच दगडावर लाखो वर्षं पाऊस आणि ऊन पडत राहिलं, पाण्यानं त्यातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम विरघळवून नेलं आणि जे सहजासहजी विरघळत नाही ते लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं. लोह गंजून तांबडं झालं. जिथं ॲल्युमिनियम जास्त साचलं तिथं बॉक्साइट झालं, राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडच्या खाणी त्याच्याच. म्हणजे काळा आणि तांबडा हे दोन वेगळे दगड नव्हेतच, एक बाप आणि एक लेक.

भाजलेली माती बघायचीच असेल तर ती दुसरीकडं मिळते. घाटात रस्ता कापलाय तिथं कधीकधी दोन काळ्या थरांच्या मधे तांबडी पट्टी दिसते. एक लाव्हा थंड झाला, त्याच्यावर बराच काळ गेला, माती झाली, मग तिच्यावर पुढचा लाव्हा आला. तिला थोडी आच लागली असं म्हणा, हरकत नाही. पण ती पट्टी बारकी असते, अख्खा गड तिच्यावर बसत नाही.

दगड बदलतो हे खरं तर आमच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. विहीर काढताना आधी काळी माती, मग मुरूम, मग कातळ. सगळा तोच दगड, फक्त कुजण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यावर. मुरमात गोल गोटे सापडतात ना, कांद्यासारखी एकेक साल सुटणारे, तिथं भेगांतनं पाणी शिरून कोपरे आधी कुजलेत आणि मधला गाभा तेवढा टणक राहिलाय. आणि ज्या काळ्या मातीत ऊस उभा आहे, जिला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीपण त्याच लाव्ह्याची.

कोयना. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप मोठाच होता, ६ रिश्टरच्या वरचा, माणसं गेली. पण तो जमिनीतल्या जुन्या भेगांचा आणि धरणाच्या पाण्याच्या दाबाचा मामला, लाव्ह्याचा नव्हे. उलट कोयनेच्या खोऱ्यात ३ किलोमीटर खोल बोअर मारलंय, त्यात काळा दगड साधारण सव्वा किलोमीटरवर संपला आणि खाली लागला ग्रॅनाइटच्या जातीचा, त्याहून कितीतरी जुना घट्ट दगड. वितळलेलं काही लागलं नाही. राजापूरचं म्हणाल तर पाणी भेगांतनं खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि वर येतं, त्याला लाव्हा लागत नाही. ज्या उष्ण जागेवरनं आपला लाव्हा आला असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात ती आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, इथनं ४ हजार किलोमीटरच्याही पलीकडं. आपला भूभागच सरकत सरकत उत्तरेला आला. भारतात आज जिवंत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट.

राहिला रस्ता. २०२१ च्या जुलैत महापूर आला तेव्हा पन्हाळ्याचा रस्ता खचला, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. जांभा भोकाभोकांचा, पाणी चटकन आत घेतो, आणि त्याच्याखाली अर्धवट कुजलेल्या दगडाचा चिकणमातीसारखा थर असतो, तो भिजला की निसरडा होतो आणि वरचं वजन घेऊन खाली येतो. त्यात उतार कापून रस्ता रुंद करायचा, वर बांधकामं करायची आणि सांडपाणी तिथंच मुरवायचं. काळजी करायचीच तर गडावरनं पाणी कुठनं उतरतंय याची करा, आणि पुढच्या पावसाआधी गटारी मोकळ्या आहेत का ते विचारा.