बढतीची चर्चा होते तेव्हा तुम्ही त्या खोलीत नसता

'काम आम्ही करायचं आणि पीपीटी दाखवून नाव त्यानं कमवायचं.' अप्रेझलचा, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचा, हंगाम आला की ही तक्रार हमखास कानावर येते. तक्रारीत तथ्य आहे, पण हे नेमकं होतं कसं, ते फारसं कुणी बघत नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत चार-पाच मॅनेजर एकत्र बसून आपापल्या माणसांची तुलना करतात आणि बढत्या तिथे ठरतात. तिथे तुम्ही नसता, तुमचा साहेब असतो. तुमच्या नावाला मिनिट-दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात त्याच्या तोंडून काय निघतं, यावर गाडी अडते किंवा पुढे जाते. त्याच्या तोंडी ते वाक्य वर्षभरात आधीच बसवून ठेवणं, हाच ऑफिसातल्या बोलण्याचा खरा उपयोग, असं माझं ठाम मत आहे. आवाजाची फेक, हातवारे वगैरे नंतर बघू.

आपली पंचाईत शाळेपासूनची आहे. वक्तृत्व स्पर्धेत आपण शिकलो ते 'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग...' मग एक सुविचार, मग इतिहास आणि वेळ उरला तर मुद्दा. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिथला श्रोता तासभर ऐकायच्या तयारीनेच येतो. रिव्ह्यू मीटिंगमधला श्रोता एक डोळा मोबाइलवर ठेवून बसतो. त्याला पार्श्वभूमीपासून सांगायला घेतलं, की मुद्दा येईपर्यंत तो उरलेलाच नसतो.

समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यातला क्वालिटी इंजिनिअर मासिक रिव्ह्यूत उभा आहे. 'मागच्या महिन्यात आम्ही बऱ्याच पॅरामीटर्सवर काम केलं, टीमने खूप मेहनत घेतली...' यातलं काहीच कुणाला पुढे सांगता येणार नाही. आता हे ऐका: 'बुश लाइनचं रिजेक्शन 3.2 टक्क्यांवरून 1.8 वर आलं. कारण एकच, फिक्श्चर बदललं. दुसऱ्या लाइनला तेच करायला सव्वा लाख लागतील, त्याची मंजुरी आज हवी.' (रिजेक्शन म्हणजे सदोष म्हणून बाजूला काढलेला माल, फिक्श्चर म्हणजे काम चालू असताना सुटा भाग घट्ट धरणारी चौकट.) आधी निकाल, मग कारण, मग मागणी. प्लांट हेड संध्याकाळी त्याच्या साहेबाला फोनवर हेच जसंच्या तसं सांगू शकतो. आकडे दोन-तीनच ठेवा. सहा आकडे सांगितलेत तर तो एकही नेणार नाही, किंवा चुकीचा नेईल आणि निस्तरावं तुम्हाला लागेल.

दुसरी गोष्ट, तुम्हाला दिलेला वेळ तुम्हाला मिळणार नाही. अजेंड्यावर दहा मिनिटं असतात. आधीचा वक्ता लांबतो, मोठे साहेब उशिरा येतात, तुमच्या वाट्याला चार उरतात. मग लोक काय करतात, तर दहा मिनिटांचं चार मिनिटांत धावत म्हणतात. स्लाइडा भराभर पुढे, 'हे स्किप करतो, हेही स्किप करतो', आणि शेवटची, म्हणजे नेमकी मागणीची स्लाइड राहून जाते. म्हणून तयारी करतानाच दोन मिनिटांची वेगळी आवृत्ती बांधा. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे दोन मिनिटांचं बोलणं वहीच्या एका पानात मावतं. कापायचं ते पार्श्वभूमी आणि कामाची पद्धत. मागणीला हात लावायचा नाही. दहा मिनिटांना पाच-सहा स्लाइडा पुष्कळ झाल्या. एक्सेलचा तक्ता उचलून चिकटवू नका. मागच्या रांगेतल्याला दिसत नाही आणि पुढचा तो वाचत बसतो, म्हणजे ऐकत कुणीच नाही.

सराव मोठ्याने करायचा. मनातल्या मनात वाचलेलं नेहमी सुरळीत वाटतं, जीभ कुठे अडखळते ते कळतच नाही. आरशासमोर बोलायचा सल्ला तर मला मुळीच पटत नाही, सगळं लक्ष चेहऱ्याकडे जातं. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि नुसतं ऐका. 'बेसिकली', 'ॲक्चुअली', 'काय आहे ना' किती वेळा आलं ते कागदावर रेघा मारून मोजा. तीन वेळा केलंत तरी फरक पडतो. संपूर्ण पाठ मात्र करू नका. पाठ केलेल्यातला एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं पाठ, मधलं मुद्द्यांवर. सादरीकरण इंग्रजीत असेल तर हे अधिकच महत्त्वाचं, कारण मनात मराठीतून भाषांतर करत बोलणाऱ्याची धांदल पहिल्या वाक्यातच होते.

भीती जाते का? बहुतेकांची पूर्ण जात नाही. पण तिचा जोर सुरुवातीला असतो. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं आणि वेग वाढतो. उठण्याआधी चार-पाच श्वास असे घ्या की सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लागेल. आणि पहिल्या वाक्यानंतर मुद्दाम थांबा. माइक असेल तर तोंडापासून मूठभर अंतरावर धरा. पडद्याकडे वळून बोलताना माइक जागच्या जागी राहतो आणि अर्धं वाक्य हरवतं. ऑनलाइन असाल तर फक्त स्लाइडांची एक विंडो शेअर करा, नाहीतर घरचा व्हॉट्सॲप सगळ्या विभागाने वाचला म्हणून समजा.

नियमित सरावाला जागा हवी असेल तर 'व्यक्तिमत्त्व विकासा'च्या महागड्या शिबिरांपेक्षा टोस्टमास्टर्सचा क्लब बरा. ही संस्था 1924 मध्ये कॅलिफोर्नियात राल्फ स्मेडली यांनी सुरू केली, पुण्या-मुंबईत तिचे भरपूर क्लब आहेत. साधारण पाच ते सात मिनिटांचं भाषण, पाचला हिरवा दिवा, सहाला पिवळा, सातला लाल. 'अं... अं...' मोजणारा माणूससुद्धा नेमलेला असतो. मला त्यातला सर्वांत उपयोगी भाग वाटतो तो आयत्या वेळच्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलण्याचा, कारण ऑफिसात प्रश्न असेच येऊन आदळतात. तोटा एवढाच, की तिथे प्रत्येकाला टाळ्या मिळतात. ऑफिसात 'मग याचा खर्च किती?' असं थंडपणे विचारतात.

त्या प्रश्नांसाठी, सगळ्यांत नको असलेले पाच प्रश्न आदल्या दिवशी लिहून काढा. उत्तर एका वाक्यात सुरू करा, तपशील मागितला तरच द्या. आकडा माहीत नसेल तर अंदाज ठोकू नका. 'आत्ता माझ्याकडे नाही, सहापर्यंत मेल करतो' म्हणा आणि पावणेसहाला मेल करा. फेकलेला आकडा पुढच्या मीटिंगमध्ये मिनिट्समधून, म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदीतून, तुमच्याच अंगावर येतो.

मीटिंग संपली की अर्ध्या तासात तीन ओळींचा मेल टाका: निकाल, कारण, मागणी. शब्द तेच, जे तिथे बोललात. वर्षाअखेर सेल्फ-अप्रेझलचा फॉर्म भरताना हेच मेल उघडायचे आणि तीच वाक्यं उतरवायची. साहेबाला नवं काही शोधावं लागत नाही, आणि त्या खोलीत जाण्याआधी तो बहुतेक वेळा तोच फॉर्म चाळतो.